समुद्रातलं साळिंदर, मापाची पट्टी आणि माझा शेजारी (सी अर्चिन काढणाऱ्या डायव्हरांबद्दल)

खारा_वारा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज विषय सापडला म्हणून लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही कॅलिफोर्नियात सांता बार्बराला राहतो. आमच्या गल्लीत साठी उलटलेला एक शेजारी आहे, तो १९८४ पासून समुद्राच्या तळाशी जाऊन सी अर्चिन काढतो, छंद म्हणून नाही, पोटासाठी. ज्यांनी सी अर्चिन बघितला नाही त्यांनी साळिंदर डोळ्यासमोर आणा, त्याचं तोंड, पाय, शेपूट सगळं वजा करा आणि उरलेला काटेरी गोळा हातात मावेल एवढा करा, झालं.

परवा शुक्रवारी संध्याकाळी बंदरावर त्याची बोट माल उतरवत होती, मी सहज गेलो. जाळीच्या मोठ्या पिशव्या क्रेनने वर येतायत, आत लालभडक काटेरी गोळे, आणि काटे अजून हलतायत! ही बोट सांता क्रूझ, सांता रोझा, सॅन मिगेल अशा बाहेरच्या बेटांजवळ जाते. पाठीवर टाकी वगैरे नाही, डेकवर कॉम्प्रेसर चालू, त्यातून लांबलचक नळी थेट डायव्हरच्या तोंडात, ह्या प्रकाराला हुका म्हणतात (हो, आपला हुक्काच). एक माणूस वर बोटीवर नळी आणि कॉम्प्रेसर सांभाळतो, दुसरा खाली हातात खुरप्यासारखं अवजार घेऊन खडकावरून एकेक अर्चिन उचकटून पिशवीत टाकतो. जाळं ओढणं नाही, तळ खरवडणं नाही, सगळं हाताने.

तर त्याच्या पट्ट्याला एक धातूचं माप (गेज) लटकलेलं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात काटे सोडून नुसत्या कवचाची रुंदी सव्वातीन इंच भरली तरच लाल अर्चिन घ्यायचा, उत्तरेला साडेतीन. चुकून थोडे बारके आले तर किरकोळ सूट आहे, बाकी दंड. शिवाय परमिट पाहिजे, ती राज्याने साधारण तीनशेच्या आत बांधून टाकलीयत, नवीन माणसाला सोडतीत नंबर लागावा लागतो. उन्हाळ्यात आठवड्यातले काही वार धंदा बंद असायचा तो वेगळा.

आणि गंमत म्हणजे इथल्या बातम्यांत रोज ऐकतोय की समुद्रात अर्चिन उदंड झालेत, त्यांनी केल्पची (समुद्राच्या तळावरून वाढणारं उंच शेवाळ) जंगलं फस्त केलीत, काढा त्यांना, मारा त्यांना. मग हा गडी एकेक अर्चिन मापात बसतो का ते कशाला बघत बसलाय? मी त्याला विचारलं तर हसला, म्हणाला चुकीचा अर्चिन उदंड झालाय. तेव्हापासून वाचतोय. ह्यातलं कोणाला काही माहीत असेल तर लिहा.


चकली
विषय भारी आहे पण मूळ प्रश्न राहिला ना, खातात काय त्याचं? काटे??


खारा_वारा
हाहा, चकलीताई हा प्रश्न येणार माहीत होतं. कवच फोडलं की आत पाच केशरी-पिवळ्या जिभा असतात, चांदणीसारख्या मांडलेल्या, तेवढंच खायचं. जपानी लोक त्याला उनी म्हणतात. बरेच जण अंडी समजतात, आपल्या गाबोळीसारखं, पण ती अंडी नाहीत, जननग्रंथी आहेत, नराच्या पण चालतात आणि मादीच्या पण. चव म्हणाल तर लोण्यात समुद्राचं पाणी कालवलंय असं काहीतरी. बायकोने एक चमचा खाल्ला आणि मग पाऊण तास बडीशेप.

माल बंदरावरून थेट कारखान्यात जातो, तिथे फोडून चमच्याने काढतात, मिठाच्या पाण्यात धुतात, बऱ्याचदा तुरटीचं पाणी देतात म्हणजे जीभ घट्ट राहते, मग रंगाप्रमाणे प्रतवारी करून लाकडी ट्रेमध्ये मांडायच्या. पिवळाधमक असेल तर भाव, तपकिरी असेल तर मेहनत पाण्यात.


स्पष्टवक्ता
मला हे लायसन-कोटा प्रकरण कधीच पटत नाही. एकीकडे अर्चिन जास्त झाले म्हणून बोंब, दुसरीकडे तीनशेच परमिट. हे म्हणजे गावात उंदीर झालेत पण मांजर पाळायला कलेक्टरची परवानगी. जे आधी घुसले त्यांनी दार लावून घेतलं, बाकी काही नाही. तुमचा शेजारी १९८४ ला घुसला म्हणून आत, आज वीस वर्षांचा पोरगा आला तर सोडत.


भरती_ओहोटी
खारा_वारा, धागा काढल्याबद्दल आभार, हा माझ्या अभ्यासाच्या शेजारचा विषय आहे त्यामुळे राहवत नाही.

स्पष्टवक्ता, तुमचं मांजर-उंदीर मस्त आहे पण इथे दोन वेगळ्या जाती आहेत. लाल अर्चिन मोठा, त्याच्यात माल भरतो, धंदा सगळा त्याचा. जांभळा लहान, वाढलाय तो. आणि जांभळा जिथे उदंड झालाय तिथे खायला केल्प उरलेलं नाही, त्यामुळे त्याच्या पोटात काहीच नाही. फोडला तर आत पाणी. अर्चिन उपाशी मरत नाही हो लवकर, शरीराचा खर्च कमी करून वर्षानुवर्षं तसाच खडकाला चिकटून बसतो. इथे लोक त्यांना झॉम्बी म्हणतात. ते काढायला परमिट फुकट वाटलं तरी कोण जाणार, डिझेलचे पैसे कोण देणार?

आता लाल अर्चिनला माप का. एक तर तो भयंकर दीर्घायुषी आहे, शंभर वर्षांच्या वर जगू शकतो, २००३ मध्ये कार्बनच्या चाचण्यांवरून ते दाखवलं गेलं, ब्रिटिश कोलंबियातले काही तर दोनशेच्या घरातले असावेत असा अंदाज आहे. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा जन्मलेला अर्चिन तुमच्या सुशीवर येऊ शकतो. दुसरं म्हणजे नर-मादी दोघंही आपापलं बीज पाण्यात सोडून मोकळे होतात, ते जुळायचं तर दोघं जवळजवळ असायला पाहिजेत, विरळ झाले की फळणंच थांबतं. आणि तिसरी मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, लाल अर्चिनची पिल्लं मोठ्यांच्या काट्यांखाली राहतात, छत्रीखाली राहिल्यासारखी. मोठा उचलला की छत्री गेली, खेकडे-मासे टपलेलेच असतात.

आणि हा धंदा सुरू कसा झाला ते ऐका. १९५०-६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात अर्चिन म्हणजे उपद्रव, केल्प खातो म्हणून त्याच्यावर चुन्याची कळी टाकायचे, डायव्हर हातोडे घेऊन फोडत फिरायचे. १९७१ च्या सुमारास सरकारी खात्याच्याच पुढाकाराने कोणीतरी म्हणालं अरे फोडताय कशाला, जपानला विका. आणि मग उत्तरेकडचा किनारा पण उघडला आणि १९८८ साली राज्यभरात ५ कोटी २० लाख पौंड लाल अर्चिन निघाला. साधारण २३,५०० टन. एका वर्षात! ती परमिटं, ती मापं ही सगळी त्या धुमाळीतून आली, आधी कोणी दार लावलेलं नव्हतं.


स्पष्टवक्ता
बरं, जातीचा मुद्दा मान्य. पण सोडत?


खारा_वारा
सोडतीबद्दल शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला की ८७-८८ मध्ये बंदरावर असे लोक यायचे ज्यांनी आठवडाभरापूर्वी पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं होतं, उधारीवर बोट, उधारीवर कॉम्प्रेसर, आणि खडकच्या खडक साफ करून पुढच्या बेटावर. परमिट बंद केली तेव्हा तो सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांपैकी होता, हे त्याने स्वतःच सांगितलं, म्हणजे तुमचं दार लावून घेतलं हे अगदीच खोटं नाही. पण आज स्थिती अशी की त्याच्या बरोबरीचे सगळे पंचावन्न-साठीचे, पोरांना ह्यात यायचं नाही, गुडघे गेलेत, कान गेलेत. फोन स्पीकरवर ठेवून बोलतो बिचारा.


डॉ_पडसे
कान गेले ह्यावरून आठवलं, ह्या बाजूवर कोणी लिहिलं नाही म्हणून मी.

हुका डायव्हिंगमध्ये मुख्य धोका हा की हवा संपत नाही. टाकी असेल तर ती संपते आणि माणूस झक मारत वर येतो. कॉम्प्रेसर असेल तर माणूस तासन् तास खाली, पुन्हा पिशवी भरली की वर, पुन्हा खाली, दिवसातून कितीदा तरी. रक्तात नायट्रोजन साठत जातो, घाईने वर आलं की बुडबुडे, त्यालाच बेंड्स म्हणतात. सांध्यात दुखणं, हातपाय लुळे पडणं, आणि वर्षानुवर्षं असंच केलं तर खांद्याची-खुब्याची हाडं आतून मरतात. चिलीमध्ये जगातला सगळ्यात जास्त अर्चिन निघतो आणि तिथले गरीब डायव्हर जुनाट कॉम्प्रेसरवर हेच करत आलेत, तिथल्या हाडांच्या दुखण्यांवर बरंच लिहिलं गेलंय. आणखी एक बारकावा, कॉम्प्रेसरची हवा ओढायची जागा इंजिनच्या धुराजवळ असली आणि वारा फिरला तर कार्बन मोनॉक्साइड थेट डायव्हरच्या छातीत. वर बसलेला माणूस काय करतो असं वाटत असेल तर हे करतो, वाऱ्याकडे बघत बसतो.


चकली
डॉक्टर तुम्ही हुक्का म्हटलं की असंच काहीतरी लिहिणार वाटलंच होतं. आता उनी नको, मी आपली बोंबील बरी.


बर्फाळ_बंड्या
मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात. आमच्याकडची गोष्ट बरोब्बर उलटी आहे म्हणून लिहितो, लेक्चर झालं तर माफ करा, बाहेर बर्फ आहे आणि मला काम नाही.

इथे हिरवा अर्चिन असतो, लहान. लॉबस्टरवाले त्याला पिढ्यान् पिढ्या जी शिवी वापरतात ती इथे लिहिली तर अ‍ॅडमिन धागा उडवेल. पिंजऱ्यात घुसून आमिष खातो म्हणून राग. मग १९८७ च्या आसपास जपानी गिऱ्हाईक आलं आणि ज्याला शिव्या घालत होते तोच अर्चिन सोन्याचा झाला. पहिल्या काही वर्षांत तर ज्याच्याकडे ड्रायसूट (पाणी आत न येणारा पोशाख) तो डायव्हर. हंगाम हिवाळ्यात, कारण वसंतात बीज सोडायच्या आधी आतला माल भरलेला असतो, त्यामुळे पाणी दोन-चार डिग्री, वर वारा, बोटीच्या कठड्यावर बर्फ. काही पोरं ह्यात मेली. ट्रेनिंगची सक्ती आणि वर बोटीवर टेंडर (सांभाळणारा माणूस) पाहिजे वगैरे मग आलं.

१९९३ ला ४ कोटी पौंडांच्या वर माल निघाला. त्या दशकात काही काळ लॉबस्टरच्या खालोखाल नंबर दोनचा धंदा. आणि मग आपटला तो आपटलाच. १९९४ पासून नवीन लायसन बंद, किनाऱ्याचे दोन झोन पाडले, पश्चिम आणि पूर्व, दिवस मोजून दिले. पश्चिमेला वर्षाला पंधराएक दिवस समुद्रात जायला मिळतं, पूर्वेला त्याहून जास्त. पंधरा दिवस! आणि इथे माप दोन्हीकडून आहे, २ पूर्णांक १/१६ इंचापेक्षा लहान नको आणि ३ इंचापेक्षा मोठा पण नको, मोठ्याला सोडायचं कारण बीज तोच जास्त टाकतो. आता सगळा मिळून माल वीस लाख पौंडांच्या आसपास, कधी त्याहून कमी.

आता तुम्ही म्हणाल एवढे कडक नियम केले तर तीस वर्षांत अर्चिन परत का नाही आला. तर तो गेला तेव्हा केल्प आणि बाकी शेवाळ बेफाम वाढलं. त्या झुडपात जोना खेकडे आले. खेकडे बारके अर्चिन खातात. अभ्यासकांनी हजारो मोठे अर्चिन बाहेरून आणून केल्पमध्ये सोडून बघितले, खेकड्यांनी तेही खाऊन टाकले. म्हणजे तुमच्याकडे अर्चिनमुळे केल्प येत नाही आणि आमच्याकडे केल्पमुळे अर्चिन येत नाही. देवाने दोन राज्यांची अदलाबदल केली तर सगळे सुखी होतील.


भरती_ओहोटी
बंड्या, सुंदर लिहिलंत. लेक्चर हवं ते हेच. पट्टीने मासा मोजता येतो, पण खेकडा, उष्णता, रोगराई ह्यांना पट्टी लागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेचं पण तसंच. तिथे जांभळ्याला आवरायला पूर्वी दोन शिकारी होते, एक पाणमांजर म्हणजे सी ऑटर, ते कातड्याच्या व्यापारात एकोणिसाव्या शतकातच संपवलं, आणि दुसरा सूर्यतारा नावाचा प्रचंड स्टारफिश, मीटरभर रुंद, वीस-चोवीस हात. २०१३ ला स्टारफिशमध्ये रोग आला, हात गळून पडायचे आणि पिठलं व्हायचं त्यांचं, अक्षरशः. सूर्यतारे जगभरात नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले, हा रोग कुठल्या जिवाणूमुळे होतो ते २०२५ मध्ये कळलं, व्हिब्रिओच्या कुळातला आहे, कॉलऱ्याच्या भाऊबंदांपैकी. रोगापाठोपाठ २०१४ ते १६ समुद्र तापला. गरम पाण्यात केल्प खंगतं आणि आवरणारं कोणी नाही म्हणून जांभळा सुटला. सोनोमा, मेंडोसिनो ह्या किनाऱ्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. लाल अर्चिन उपाशी, त्यामुळे तिथल्या फोर्ट ब्रॅग बंदराच्या डायव्हरांचा धंदा बसला, तिथल्या २०१६ आणि १७ च्या हंगामाला केंद्र सरकारने मत्स्य-आपत्ती म्हणून मान्यता दिली. अ‍ॅबलोनी नावाची मोठी गोगलगाय असते, हौशी लोक श्वास रोखून, टाकीशिवाय बुडी मारून काढायचे, सात इंचाचं माप, वर्षाला किती काढायच्या त्याची कार्डं. जगातल्या सगळ्यात काटेकोर नियमांपैकी. २०१८ पासून ती सरळ बंद. नियम कोणी मोडले म्हणून नाही बंद झाली, खायला केल्पच नाही म्हणून त्या मेल्या.


स्पष्टवक्ता
मग मापं, परमिट हे सगळं नाटकच की. समुद्राने ठरवलं की संपलं.


खारा_वारा
नाही ना, तसं नाही वाटत मला. इथे दक्षिणेला बेटांजवळ केल्प बऱ्यापैकी टिकून आहे, आणि लाल अर्चिन अजून निघतोय, १९८८ च्या मानाने फार कमी पण निघतोय. शेजारी म्हणतो की माप नसतं तर २०१४ ला गरम पाणी आलं तेव्हा खडकावर म्हाताऱ्या अर्चिनांखेरीज काही उरलं नसतं. हा त्याचा अंदाज, मोजून कोणी सांगितलेलं नाही, पण चाळीस वर्षं तेच खडक बघणारा माणूस आहे.

आणि उत्तरेला सरकारने एक बरं केलं, धंदा बसलेल्या डायव्हरांनाच पैसे देऊन नोयो आणि अल्बियन ह्या दोन खाड्यांतून जांभळे काढवले. एका संस्थेने खाली जाऊन मोजणी केली. हौशी लोकांची मर्यादा दिवसाला ३५ अर्चिन होती ती वाढवत वाढवत ४० गॅलनवर नेली, म्हणजे बादल्याच्या बादल्या. आता कोणी म्हणेल हातोड्याने फोडा तिथल्या तिथे, तर त्यावरून पण भांडणं आहेत, बीज पाण्यात पसरेल की काय म्हणून. काही लोक उपाशी जांभळे आणून टाक्यांत ठेवून खाऊ घालून भरतायत आणि विकतायत. साळिंदराची खानावळ.


चकली
मग ती पाणमांजरं परत का नाही सोडत? गोंडस असतात ती, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडतात, व्हिडिओ बघते मी.


खारा_वारा
चकलीताई हा शब्द आमच्या शेजाऱ्यासमोर काढू नका, त्या दिवशी घरी जेवायला होता, माझी मुलगी ऑटरचं चित्र असलेला टीशर्ट घालून आली आणि त्याने जेवताना तिच्याकडे बघितलंच नाही. (नंतर तिला चॉकलेट दिलं.)

झालं असं की १९८७ साली केंद्राच्या वन्यजीव खात्याने मध्य किनाऱ्यावरची १४० पाणमांजरं पुढच्या काही वर्षांत सॅन निकोलस बेटावर नेऊन सोडली, तेलगळती झालीच तर सगळी एका जागी मरू नयेत म्हणून. पण डायव्हर, अ‍ॅबलोनीवाले सगळे चिडले कारण पाणमांजर रोज स्वतःच्या वजनाच्या पाव भागाएवढं खातं, ते आलं की धंद्याइतका अर्चिन उरत नाही. म्हणून तडजोड अशी की पॉइंट कन्सेप्शन ह्या भूशिराच्या दक्षिणेला, ते बेट सोडून, पाणमांजर-मुक्त पट्टा, तिथे दिसलं की धरून परत उत्तरेला. आता पाणमांजराला हे कोणी सांगितलं नव्हतं! सोडलेल्यातली बरीचशी पोहत घरी निघून गेली, काही मेली, काही पट्ट्यात फिरायला लागली. १९९३ पासून धरणं बंद पडलं आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये पट्टाच रद्द केला. अर्चिनवाल्यांनी कोर्टकचेरी केली, वरच्या कोर्टापर्यंत गेले, हरले.


भरती_ओहोटी
चकली, आणि पाणमांजर आणून सोडलं तरी उजाड झालेला भाग लगेच हिरवा होत नाही. माँटेरेला बघितलं गेलंय, पाणमांजरं उजाड खडकावरचे पोकळ झॉम्बी अर्चिन खातच नाहीत, शेजारच्या उरल्यासुरल्या केल्पमधले भरलेले शोधून खातात. त्यामुळे उरलंसुरलं केल्प वाचतं, उजाड भाग तसाच. भाजीवाल्याकडे आपण भेंडी मोडून बघतो तसं.


देवबागचो_झील
हयसर खडपार काळे काटेवाले रगड असतत, कोणच खायत नाय. ल्हानपणी कालवां काढूक जायचो तेव्हा पायात काटो मोडलो की रात्रभर ठणको. ह्येका लोक विमानान जपानाक धाडतत ता आज समाजला.

बाकी प्रमाण मराठीत लिहितो नाहीतर पुण्याची मंडळी दुभाषा मागतील. मी तारकर्ली-मालवणला स्कूबाच्या बोटीवर आहे. पर्यटक खाली गेले की पहिली सूचना हीच, काळ्या काट्याला हात नाही लावायचा, आणि पहिला हात तिथेच. व्हिनेगर आणि चिमटा कायम बोटीवर.

वरचं सगळं वाचून मला आमचं आठवलं. आमच्याकडे बुडी मारून काढायचा धंदा म्हणजे शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), कालवं, तेही ओहोटीला, छातीभर पाण्यात, बायका पण जातात. त्याला ना माप ना परमिट. खडप कोणाचा कुठला हे गावाला माहीत असतं तेवढंच. भांडण सगळं खोल पाण्यातलं, पर्ससीनवाले (मोठ्या यांत्रिक बोटींचं घेरायचं जाळं) विरुद्ध रापणवाले (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), एलईडी लावून रात्री मासे गोळा करणं, ते २०१७ ला केंद्राने बंद केलं, तरी रात्री क्षितिजावर दिवाळी दिसते. १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती बहुतेक लोक पाळतात कारण पावसात नाहीतरी कोण जातंय.


भरती_ओहोटी
झील, आपल्याकडे बुडी मारून काढायच्या धंद्याला माप होतं, पण कोकणात नाही, तिकडे तुतिकोरीनला. देवघरातला शंख येतो कुठून? तिथले पाणबुडे काढतात, आणि किमान मापापेक्षा बारका शंख परत समुद्रात टाकायचा हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा.

आणि अर्चिनची भावकी म्हणजे सी कुकुंबर, समुद्रकाकडी, ती आपल्याकडे २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातली, वाघाच्या रांगेत. मंडपम-रामेश्वरमकडच्या पाणबुड्यांचा पिढीजात धंदा एका अधिसूचनेत गुन्हा झाला. चोरटी निर्यात चालूच आहे, लक्षद्वीपला मोठे साठे पकडले गेले, २०२० मध्ये तिथे खास राखीव क्षेत्र केलं. मला स्वतःला वाटतं की सरसकट बंदी घालायच्या आधी माप आणि मोजकी परमिटं हा रस्ता निदान बघायला हवा होता. माझ्याच क्षेत्रातले निम्मे लोक ह्यावर माझ्याशी बोलणार नाहीत.


स्पष्टवक्ता
हे मात्र पटलं. बंदी घालणं सगळ्यात सोपं, एक कागद. माप म्हटलं की मोजायला माणूस लागतो.


बर्फाळ_बंड्या
मोजायला माणूस हाच मुद्दा आहे. इथे मत्स्य खात्याचा वॉर्डन बंदरावर उभा असतो, टोपलीत हात घालतो, गेज लावतो. आणि विकत घेणारा व्यापारी पण जबाबदार, बारका माल घेतला तर तोही सापडतो. त्यामुळे डायव्हर नाही तर व्यापारी तरी बारका माल फेकून देतो.


देवबागचो_झील
आमच्याकडे पण २०२३ ला ५४ जातींची मापं ठरवलीत सरकारने. पापलेट १३५ मिलीमीटर. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केला, सन्मान झाला बिचाऱ्याचा. आमच्या लिलावात अजून कोणाच्या हातात पट्टी बघितली नाही मी.

खारा_वारा, त्या शेजाऱ्याच्या गेजचा फोटो टाका ना, मला तसा पापलेटचा बनवून घ्यायचाय, इथला वेल्डर ओळखीचा आहे.


खारा_वारा
टाकतो. पण फोटो काढायला गेलो तर त्याने गेजच हातात दिला, म्हणाला ठेव. मी म्हटलं तुला उद्या लागेल, तर म्हणाला ह्या हंगामानंतर परमिट सोडतोय, दुसरा एक आहे, तेवढ्यात भागेल. पितळेचा आहे, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. मी घरी येऊन स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघितलं. ३ इंच आणि जेमतेम ५/१६ भरला. झिजून झिजून मधली खाच रुंद झालीय, म्हणजे गेली कित्येक वर्षं हा माणूस कायद्यापेक्षा इंचाच्या एका आण्याने (१/१६) मोठाच अर्चिन घेतोय, आणि त्याला पत्ता नाही. मी सांगितलं नाही अजून.


चकली
नका सांगू.


देवबागचो_झील
आज सकाळी गेलो होतो बाजारात. वेल्डरचं जमलं नाही म्हणून पोराची शाळेची पट्टी खिशात घातली. आमच्या नेहमीच्या मावशीकडे पापलेटची रास, वरचे बरे होते, खाली सगळे तळहातापेक्षा बारके. एक उचलून पट्टी लावली, ११०. दुसरा, ११८. चार बायका बघायला जमल्या. मावशी म्हणाली, पट्टी घेवन इलंस, आता वही पण हाड, गणित शिकवतंय तुका.


स्पष्टवक्ता
मग? घेतलीत की नाही?


देवबागचो_झील
बांगडे घेतले.